ए अक्षाच्या नोंदी: गोल जॉबवर टूलपाथ लिहायला शिकताना

१२ जून

तीन अक्षांच्या मिलवर (एक्स डावी-उजवी, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली) आज रोटरी, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवणारी जोडणी, बसवली. ती आडवी आहे, तिचा अक्ष एक्सला समांतर आहे, म्हणून तिच्या फिरण्याला नाव ए. जॉब पकडणारा चक डाव्या बाजूला, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक उजवीकडे. आत वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि वर्मव्हील, ४० ला १, म्हणजे वर्मच्या ४० फेऱ्यांना चकची एक. हातानं फिरवून जॉबचे समान भाग करायच्या जुन्या डिव्हायडिंग हेडचंही नेहमीचं प्रमाण हेच असायचं. षटकोन करायचा तर क्रँकच्या ६ पूर्ण फेऱ्या आणि १५ छिद्रांच्या वर्तुळावर १० छिद्रं पुढे. ज्यांनी तो हिशोब हातानं केलाय त्यांना अंश बोटांत कळतो. मला तो प्रोग्राममधून शिकायचाय.

शेवटी करायचा जॉब ठरला आहे: तार गुंडाळायच्या यंत्रासाठी ड्रम कॅम. ४० मिमी व्यासाच्या दांड्यावर एक बंद, नागमोडी खाच. खाचेत ६ मिमीची पिन. ड्रम एकदा फिरला की पिन २४ मिमी सरकते आणि परत मूळ जागी येते. कॅम सॉफ्टवेअरला (मशीनचा कोड तयार करणारं, ड्रम कॅमशी फक्त नावाचं साम्य) ड्रॉइंग देऊन कोड काढता येईल, पण मला प्रत्येक ओळ का आली ते समजून घ्यायचंय. म्हणून टूलपाथ, म्हणजे टूलनं जायची वाट, पायथनमध्ये स्वतः लिहीन आणि लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवीन.

मोटरच्या एका फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप, गुणिले ४०. चकच्या एका फेरीला ६४,००० स्टेप, म्हणजे अंशाला १७७.७७८. कॉन्फिगमध्ये हा आकडा टाकला, ए३६० दिलं, चकवर मार्करनं ओढलेली रेघ बरोबर जागेवर परत आली.

ग्राइंड केलेला बार चकमध्ये धरला, स्पिंडलमध्ये डायल (मिमीचे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावला आणि एक्समध्ये १५० मिमी सरकवला. वरून ०.०२, बाजूनं ०.०९. रोटरीचे बोल्ट किंचित ढिले करून नायलॉनच्या हातोडीनं ठोकत ठोकत बाजूचा फरक ०.०१ वर आणला. यात दुपार गेली. पण हा फरक तसाच ठेवला असता तर पुढच्या प्रत्येक मापात तो लपून बसला असता.

१३ जून

वर्म आहे म्हणजे खेळ (दातांमधली मोकळी जागा) असणारच. तो मोजायची एक सोपी युक्ती लक्षात आली. त्रिज्या ५७.३ मिमी असेल तर परिघावर १ अंश म्हणजे बरोबर १ मिमी. चकमध्ये एक सपाट पट्टी आडवी धरली, केंद्रापासून ५७.३ मिमीवर खूण केली आणि डायलचं टोक खुणेवर टेकवलं. आता डायलवर जितके मिमी दिसतील तितकेच अंश, गुणाकार करायची गरज नाही.

एका दिशेनं येऊन थांबलो, डायल शून्य केला. तसंच अर्धा अंश पुढे जाऊन अर्धा अंश मागे आलो. डायलवर ०.०६. म्हणजे ०.०६ अंशाचा खेळ. ४० मिमी व्यासाच्या दांड्याच्या पृष्ठभागावर तो ०.०२ मिमी होतो. ड्रम कॅमला एवढं चालेल. पण नियम आजच घालून घेतला: इंडेक्सिंग करताना, म्हणजे ए ठरावीक कोनावर नेऊन थांबवताना, नेहमी एकाच दिशेनं कोनावर यायचं. मागे जायचं असेल तर २ अंश जास्त मागे जायचं आणि पुढे येऊन थांबायचं. कट घेताना लॉकची खिट्टी आवळायची, कारण टूलनं जॉब ओढला तर वर्मच्या दातांमधली ही मोकळी जागा कटमध्येच उघडते.

१६ जून

पहिला जॉब, षटकोन. इथे ए फिरतो, थांबतो, लॉक होतो आणि मग नेहमीचंच तीन अक्षांचं काम. समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये २४ मिमी हवेत. कोपऱ्यांवरचं माप त्याच्या १.१५४७ पट, म्हणजे २७.७१. म्हणून २८ मिमीचा बार पुरतो. झेड शून्य फिरण्याच्या अक्षावर ठेवायचं, जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर नाही. सहाही वेळा टूल झेड १२ ला जाणार आणि ए ६०-६० नं पुढे सरकणार.

झेड घेताना बारच्या वरच्या बाजूला टूल टच केलं आणि तिथे १४ टाकलं. बार मायक्रोमीटरवर २८.०० भरला होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

कट झाल्यावर तिन्ही जोड्या मोजल्या: २४.११, २४.११, २४.११. तिन्ही मापं सारखी आली म्हणजे कोन बरोबर आहेत. चूक फक्त उंचीत आहे, प्रत्येक बाजूला ०.०५५. बार परत चकमध्ये फिरवून डायल लावला तर एका फेरीत काटा ०.११ हलतो. बार चकमध्ये किंचित एका बाजूला बसला होता आणि मी टच केलं ते नेमकं त्याच्या वर आलेल्या बाजूला. बारचं माप खरं होतं, पण माझं केंद्र ०.०५५ नं वर धरलं गेलं होतं.

आता ए० ला टच, ए१८० ला टच, दोघांची सरासरी. बार चकमध्ये कसाही बसला तरी सरासरी फिरण्याच्या अक्षाचीच निघते. दुसरा षटकोन २४.०१.

१९ जून

वायचं केंद्र. बारच्या दोन्ही बाजूंना एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावून निम्मं केलं होतं, पण षटकोनाच्या अनुभवानंतर ते मापून बघायचं ठरवलं. २० मिमीच्या बारच्या मोकळ्या टोकाशी ६ मिमी एंडमिलनं (फिरत्या कटरनं) वाय शून्यावरून वरून अर्ध्यापेक्षा थोडी जास्त खोल खाच पाडली. मग ए१८०, आणि तीच खाच दुसऱ्या बाजूनं. दोन्ही खाचा मध्ये भेटतात. वाय अचूक असेल तर भिंत सलग यायला हवी. वाय चुकलं असेल तर चुकीच्या दुप्पट पायरी येते, कारण जॉब उलटला की चूकही उलटते.

नखाला पायरी लागली. डायलवर ०.१४. वाय शून्य ०.०७ नं सरकवलं आणि नवीन बारवर परत केलं. नख अडलं नाही. प्रोब किंवा एज फाइंडरपेक्षा माझा या पायरीवर जास्त भरवसा आहे, कारण ती कटिंग करतानाच्या मशीननं स्वतः दिलेली असते.

२२ जून

दिशा. हे सगळ्यात सोपं वाटलं होतं, पण पूर्ण दिवस यातच गेला.

नियम उजव्या हाताचा: अंगठा एक्सच्या धन दिशेला, बोटं वळतात ती ए ची धन दिशा. पण ही दिशा जॉबच्या सापेक्ष टूलची आहे. आमच्या मशीनवर टूल वळत नाही, जॉब वळतो. म्हणून जॉब बोटांच्या उलट फिरला पाहिजे. टेलस्टॉकच्या बाजूनं पाहिलं तर ए धन दिल्यावर चक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवा. आणखी सोपी खूण म्हणजे ए९० दिलं की माझ्याकडे तोंड असलेली बाजू वर यायला हवी.

माझी मागची बाजू वर येत होती. कॉन्फिगमधला स्केलचा आकडा ऋण केला, दिशा सरळ झाली.

मग रॅपिंग तपासायला ३० मिमीच्या दांड्यावर "ग" कोरायला घेतला. सपाट ड्रॉइंगमधला वाय परिघावर गुंडाळायचा: ए बरोबर वाय गुणिले ३६०, भागिले पाय गुणिले व्यास. ३० मिमीला १ मिमी म्हणजे ३.८२ अंश. अक्षर मुद्दाम "ग" घेतलं. त्याला सममिती नाही, उलटलं तर लगेच दिसतं.

उलटाच आला. आरशातला "ग", काना भलत्या बाजूला.

पहिला विचार आला की सकाळची दिशाच चुकली. स्केलचं चिन्ह परत बदलायला हात गेला होता, पण थांबलो आणि कागदावर दांड्याचं टोक काढलं. ए धन झाला की माझ्याकडची, म्हणजे वाय ऋण बाजू वर येते. जॉबवर पाहिलं तर टूल वाय ऋणकडे गेलं. ड्रॉइंगमधला वाय धन म्हणजे ए ऋण. मशीनची दिशा बरोबर होती, माझ्या सूत्रात उणे चिन्ह राहिलं होतं. इथे स्केल बदललं असतं तर "ग" सरळ आला असता, पण पुढे कोणत्याही कॅम सॉफ्टवेअरचा कोड या मशीनवर उलटा चालला असता. मशीन नियमाप्रमाणेच ठेवायचं आणि गुंडाळायचा हिशोब प्रोग्राममध्ये सुधारायचा.

उणे टाकलं. "ग" सरळ आला. फार आनंद झाला, दांडा खिशात घालून घरी आणला.

२७ जून

आज ए फिरताना कट घेतला, आणि आज २ मिमीची एंडमिल मोडली.

३० मिमीचा ऍसिटल प्लास्टिकचा दांडा. आधी एका जागी एक गोल खाच, म्हणजे फक्त ए ३६० अंश. मग तिथूनच ४ फेऱ्यांचं स्पायरल, एक्स ४० आणि ए १४४०. दोन्ही ओळींना एफ२०० (एफ म्हणजे फीड, टूल पुढे जायचा वेग), कारण या मटेरियलला या टूलनं मी सपाट कामात २०० मिमी प्रति मिनिट देतो.

गोल खाचेला चक अगदी रेंगाळत फिरला. पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. चिप निघतच नव्हती, टूल एकाच जागी घासत होतं, खाचेच्या कडेला वितळलेले धागे लोंबत होते. फीड कमी पडतोय असं वाटलं, पण पुढची ओळ सुरू झाली आणि चकनं एकदम वेग घेतला. दुसऱ्या फेरीत टक्क आवाज आला. एफ तोच होता, २००.

२८ जून

काल रात्री हिशोब घातला. तो सविस्तर लिहून ठेवतो, कारण ए अक्ष शिकताना मला सगळ्यात मोलाचं हेच वाटलं.

लिनक्ससीएनसीमध्ये जी९४, म्हणजे मिनिटाला किती अंतर असा नेहमीचा फीड, चालू असताना फक्त ए हलत असेल तर एफ अंश प्रति मिनिट धरला जातो. २०० अंश प्रति मिनिट म्हणजे एका फेरीला १.८ मिनिटं. ३० मिमीचा परीघ ९४.२५ मिमी. धार मटेरियलमधून ५२ मिमी प्रति मिनिट वेगानं जात होती. हव्या त्याच्या पावपट, म्हणून घासलं.

पण एक्स, वाय, झेडपैकी कोणीही हललं की एफ फक्त त्या सरळ अक्षांच्या अंतराला लागू होतो, आणि ए त्याच वेळात आपलं अंतर कसंही करून पुरं करतो. एक्सचे ४० मिमी २०० नं म्हणजे ०.२ मिनिट, १२ सेकंद. त्या १२ सेकंदांत ए ला ४ फेऱ्या मारायच्या होत्या, मिनिटाला २० फेऱ्या. दांड्यावरची स्पायरलची खरी लांबी, ४० चा वर्ग अधिक ३७७ चा वर्ग यांचं वर्गमूळ, ३७९.१ मिमी. ती १२ सेकंदांत, म्हणजे १,८९६ मिमी प्रति मिनिट. हव्या त्याच्या साडेनऊ पट.

एकच आकडा एका ओळीत चौथाई आणि पुढच्या ओळीत साडेनऊ पट. कंट्रोलरची यात चूक नाही. दांडा किती जाड आहे, धार केंद्रापासून किती लांब कापतेय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. अंश आणि मिमी यांना जोडणारी त्रिज्या फक्त माझ्या डोक्यात असते.

उपाय जी९३, म्हणजे उलट्या वेळेचा फीड. यात एफ वेग सांगत नाही, ही ओळ किती मिनिटांत पुरी करायची त्याचा व्यस्त सांगतो. हवा तो वेग भागिले धारेनं कापायची खरी लांबी. स्पायरलसाठी २०० भागिले ३७९.१, म्हणजे ०.५२७५. गोल खाचेसाठी २०० भागिले ९४.२५, म्हणजे २.१२२. ओळ अशी झाली: जी९३ जी०१ एक्स४० ए१४४० एफ०.५२७५. १ मिनिट ५४ सेकंद लागले. चिप सुटी निघाली, खाचेची कड स्वच्छ आली, आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा.

जी९३ मध्ये कटच्या प्रत्येक ओळीवर एफ लिहावाच लागतो, आधीच्या ओळीचा पुढे चालत नाही. आणि काम संपलं की जी९४ लिहून बाहेर पडायचं. माझं ते राहिलं होतं. पुढे टूल खाली न्यायची साधी ओळ होती, झेडला एफ१००. जी९३ मध्ये त्याचा अर्थ हा प्रवास मिनिटाच्या शंभराव्या भागात, ०.६ सेकंदात. दांड्याच्या २० मिमी वरून हवेत चालवत होतो म्हणून फक्त झेड दणकन खाली आला, कशाला लागला नाही. आता स्क्रिप्टमध्ये जी९४ शेवटी आपोआप छापला जातो.

स्पायरलनंतर ए १४४० वर उभा असतो. तिथून ए० दिलं तर तो चारही फेऱ्या उलट्या फिरत परत येतो. टूल आधी वर घ्यायचं, आणि १४४० व ० ही चकची एकच जागा असल्यानं जी१० एल२० पी१ ए० देऊन तिलाच शून्य म्हणायचं.

८ जुलै

कॅमच्या आधी एक सराव: ४२ मिमीच्या दांड्यातून लंबवर्तुळाकार छेद. लांब व्यास ४०, आखूड व्यास २४. ६ मिमीचं बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचं टूल. जॉब फिरतो, झेड वरखाली होतो, प्रत्येक फेरीनंतर एक्स ०.५ सरकतो.

स्क्रिप्ट चटकन लिहून झाली. प्रत्येक कोनाला लंबवर्तुळाची त्रिज्या काढली, ती झेडला दिली, जी९३ चा एफ मोजला. जॉब सुंदर दिसत होता. व्हर्नियर लावला: ४०.०, २४.०. तेवढ्यावर समाधान मानून बाजूला ठेवणार होतो.

उजेडात फिरवून पाहिला तर कुशीला किंचित खोलगट वाटला. डायल स्पिंडलमध्ये लावला आणि ए फिरवत त्रिज्या वाचल्या. लांब अक्षापासून ३१ अंशावर १६.४९ हवी होती, १६.१ च्या आसपास आली. चारही कुशीला तेच. व्हर्नियर लावतो त्या दोन जागांवर माप अचूक आणि मधल्या चारही जागी जॉब खाल्लेला.

कारण कागदावर सापडलं. माझ्या प्रोग्राममध्ये बॉलनोजचं टोक पृष्ठभागावर टेकतं असं गृहीत होतं. लांब आणि आखूड अक्षावर ते खरं आहे, तिथे पृष्ठभाग आडवा असतो. कुशीला पृष्ठभाग तिरपा असतो, २८ अंशांपर्यंत. तिथे टूल टोकानं टेकत नाही, गालानं टेकतं, आणि गाल टोकाच्या आधी पोचलेला असतो. टोक जागेवर नेईपर्यंत गाल मटेरियलमध्ये शिरतो. ३ मिमी त्रिज्येला २८ अंशांवर हे ०.३५ मिमी होतं. डायल तिरप्या पृष्ठभागावर केंद्राच्या रेषेत वाचतो, म्हणून तिथे ०.४ दिसलं.

बरोबर रीत अशी: पृष्ठभागावरच्या बिंदूपासून लंबरेषेवर ३ मिमी बाहेर जायचं, तिथे बॉलचं केंद्र. त्या केंद्राचा कोन म्हणजे ए, केंद्राचं अंतर वजा ३ म्हणजे झेड. ज्या बिंदूसाठी मी ३१ अंश आणि १६.४९ देत होतो, त्यासाठी ए ३५.२ आणि झेड १६.१९ यायला हवेत. जुना प्रोग्राम ३५.२ ला १५.८६ वर जात होता.

नव्या जॉबवर डायल कुठेही ०.०३ च्या बाहेर गेला नाही. लांब आणि आखूड टोकांवर मात्र पृष्ठभाग मंद, ओढल्यासारखा आला. तिथे बॉलचं अगदी टोक टेकतं आणि टोकाशी कटिंग स्पीड शून्य असतो. टूल वायमध्ये थोडं बाजूला ठेवलं तर ते जाईल, पण मग वरचा सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागेल. सध्या कॅमकडे वळतो.

१५ जुलै

ड्रम कॅम. एक्स बरोबर १२ गुणिले (१ वजा कोसाइन ए). ए शून्यावर आणि १८० वर पिन अलगद दिशा बदलते, कुठे धक्का नाही. खाच ५ मिमी खोल.

२-२ अंशांचे तुकडे केले. दोन बिंदूंमधली सरळ रेषा खऱ्या वक्रापासून दोन मायक्रॉनसुद्धा सुटत नाही. ए शून्यापाशी एका तुकड्याची लांबी ०.६९८ मिमी, ए९० पाशी खाच तिरपी असल्यानं ०.८१४. २५० मिमी प्रति मिनिटाला एफ ३५८ पासून ३०७ पर्यंत बदलत जातो. प्रत्येक तुकड्याला थांबून पुढे जाऊ नये म्हणून जी६४ पी०.०२. खोली एका वेळी ०.५, दहा फेऱ्या.

६ मिमी एंडमिल पूर्ण रुंदीत घालायची नव्हती. म्हणून ५ मिमीची घेतली, आधी मधून कट आणि शेवटी दोन्ही भिंतींना अर्धा-अर्धा मिमी. सपाट ड्रॉइंगमध्ये खाचेच्या मध्यरेषेला दोन्हीकडे ०.५ चा ऑफसेट आणि तो गुंडाळून ए मध्ये.

खाच डोळ्यांना निर्दोष. लेथवरच्या काकांनी ५.९७ ची पिन करून दिली. दोन्ही टोकांशी पिन तळापर्यंत सहज गेली. मधल्या तिरप्या भागात वरून आत गेली आणि शेवटचे दोन मिमी राहिले असताना अडली.

१७ जुलै

आधी वाटलं बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिली असेल. खाच ब्रशनं साफ केली, लेन्समधून तळ पाहिला. तळ स्वच्छ, भिंतीवर टूलच्या रेघा एकसारख्या, आणि तिरप्या भागात त्या रेघा खाली जाताना एकमेकींकडे झुकलेल्या. लेन्स फिरवत टोकाकडे नेली तर भिंती हळूहळू समांतर होतात.

काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी पिन हातात घेतली, खाचेत धरून ड्रम सावकाश फिरवला आणि म्हणाले, "तू खाच बघतोयस. पिन बघ. पिन जिथून जाणार तिथूनच टूल गेलं पाहिजे."

मी ऑफसेट मिमीमध्ये मोजला होता, पण दिला होता अंशांत. पृष्ठभागावर, २० मिमी त्रिज्येला, तो बरोबर ०.५ होता. तळाशी त्रिज्या १५, तिथे तेवढेच अंश म्हणजे तीन चतुर्थांश अंतर. जिथे खाच परिघाच्या दिशेनं जाते तिथे ऑफसेट सगळा एक्समध्ये असतो, म्हणून टोकांशी काही बिघडलं नाही. जिथे ती तिरपी आहे तिथे ऑफसेटचा काही भाग ए मध्ये पडतो आणि खाली जाताना आक्रसतो. सगळ्यात तिरप्या जागी हिशोब केला तर तळाशी रुंदी ०.०९ नं कमी निघते. पिनला खेळ होता फक्त ०.०३.

दांड्यावर चावीची खाच लहान टूलनं रुंद करताना हेच आणखी ठळक दिसेल. तिथे बाजूला सरकायचं ते वायमध्ये, ए मध्ये नाही, तरच भिंती समांतर राहतात.

कॅमला मात्र साधा उपाय आहे. ५ मिमीनं फक्त मधलं मटेरियल काढायचं आणि शेवटचा कट पिनच्याच मापाच्या, ६ मिमीच्या टूलनं, ऑफसेट न देता, वाय शून्यावरून. मग टूल आणि पिन एकाच वाटेनं, एकाच त्रिज्येवरून जातात. भिंतीचा आकार जो येईल तो पिनला हवा तोच. खेळ किती हवा ते टूलपाथमध्ये ठरवायचं नाही, पिनच्या व्यासात ठरवायचं.

२१ जुलै

नवा दांडा. ए० आणि ए१८० टच करून झेड घेतला, टोकाशी दोन बाजूंनी खाच पाडून वाय तपासला, नखाला काही लागलं नाही. पूर्ण प्रोग्राम ३० मिमी वर हवेत चालवला. मग ५ मिमी, मग ६ मिमी. शेवटच्या फेरीत पूर्ण खोलीला भिंतींवरून ०.५ निघत होतं, २५० वर आवाज थोडा कर्कश झाला म्हणून फीड १८० वर आणला.

काकांची तीच ५.९७ ची पिन. सगळीकडे तळापर्यंत गेली. पिन हातानं उभी धरून ए सावकाश फिरवला, ती दोन्ही टोकांना न अडता वळली. डायल पिनच्या बाजूला लावून प्रवास मोजला: २३.९८.

वळणाच्या जागी पिनला बोटानं ढकललं तर ती किंचित हलते, तिरप्या भागात हलत नाही. ६ मिमी एंडमिलचा रनआउट, म्हणजे फिरताना केंद्रापासून ढळणं, उद्या बघायचाय.